न आलेल्यांची वही

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. महाराष्ट्रातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं या चार ठिकाणी आहेत, आणि त्यांतल्या ठाणे-येरवड्याचं नाव मराठी माणूस आजही चेष्टेत घेतो. ‘याला ठाण्याला न्यायला हवं’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. आपल्या आरोग्यव्यवस्थेचा नकाशाच या चेष्टेत आहे. शरीराचं दुखणं जवळच्या दवाखान्यात, मनाचं दुखणं दूर, उंच भिंतीआड, परक्या गावात. दुखणारी माणसं मात्र हा नकाशा पाळत नाहीत. मन खचलेली बहुतेक माणसं मनोरुग्णालयात जात नाहीत, मानसोपचारतज्ज्ञाच्या पाटीखालूनही जायचं टाळतात. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपर काढतात आणि ओपीडीच्या रांगेत उभी राहतात. डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘मी उदास आहे’ असं त्यांतलं कोणी म्हणत नाही. हातापायांतलं त्राण गेलंय, छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो, अन्न गोड लागत नाही, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही, अशा तक्रारी असतात. केसपेपरवर ‘अशक्तपणा’ असं लिहिलं जातं. खाली बी-कॉम्प्लेक्स, कॅल्शियम, फार तर पाच दिवसांची झोपेची गोळी. रक्त तपासलं तर सगळं नॉर्मल. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे डॉक्टर धीर द्यायला म्हणतात, पण ऐकणाऱ्याला तो सोंग केल्याचा आरोप वाटतो. महिन्याभरानं तीच तक्रार घेऊन तो दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतो.

अशी माणसं किती, याचा अंदाज बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून येतो. (१२ राज्यांत झालेल्या या पाहणीत महाराष्ट्र नव्हता, हे जाता जाता.) प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि नैराश्य-चिंता या नेहमीच्या विकारांच्या १०० रुग्णांपैकी साधारण ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. उपचार पोचले नाहीत म्हणजे ही माणसं दवाखान्यात गेली नाहीत, असं मात्र नाही. उत्तर गोव्यात अडीच हजारांच्या आसपास स्त्रियांची एक पाहणी झाली होती. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार स्त्रिया का करतात, हा प्रश्न होता. उत्तर जंतुसंसर्गात सापडेल अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात त्या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट निघाला. म्हणजे बाई आली होती, तिनं तक्रारही सांगितली होती, तिला औषधही मिळालं होतं. फक्त दुखणं एक आणि औषध दुसरंच, एवढंच झालं. उलट बाजूनंही हेच घडतं. मधुमेही माणसांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. ज्याचं मन कशातच लागत नाही तो गोळ्या वेळेवर घेत नाही, चालायला जात नाही, पथ्य सोडतो. साखर वाढते, डॉक्टर रागावतात, आणि तो पुढच्या तारखेला येतच नाही.

मनाचे आणि शरीराचे उपचार एकत्र आणायला हवेत, यावर आता वाद उरलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या विभागीय परिषदांत, फिजिशियनांच्या मेळाव्यांत, सरकारी कार्यशाळांत या विषयाचं सत्र ठरलेलं असतं. पण ‘एकत्र’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘एका छताखाली’ असा घेतला जातो: आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला चार दिवसांचं प्रशिक्षण द्यावं, आठवड्यातून एक दिवस तज्ज्ञानं तालुक्याला यावं, आणि जड वाटलेल्या रुग्णाला चिठ्ठी देऊन जिल्ह्याला पाठवावं. हे सगळं आवश्यक आहे, पण उपचार त्यानं एक होत नाहीत, असं मला वाटतं. गेल्या पंचवीसेक वर्षांतला या विषयावरचा चांगला पुरावा नीट वाचला, तर त्यात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते. ज्या ठिकाणी फरक पडला, तिथे ठरलेल्या दिवशी कोण आलं नाही हे पाहणं आणि त्याला गाठणं, हे कोणा एकाचं पगारी काम होतं. तज्ज्ञ किती जवळ बसतो, यापेक्षा ही वही कोण ठेवतो याला महत्त्व आहे.

आपल्याकडे कल्पना नव्हत्या, असं कोणी म्हणू नये. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा. त्याच दशकात कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सनं प्राथमिक केंद्रांच्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवून मानसिक उपचार खेड्यापर्यंत नेले. त्या नमुन्यावर १९९६मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तर अठराव्या कलमात सांगूनच ठेवलं की ही सेवा प्राथमिक पातळीपासून सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलेली असली पाहिजे. कागदावर भारत पुढारलेल्या देशांच्या रांगेत आहे. मग रुग्ण गळतो कुठे? तो गळतो चिठ्ठी आणि एसटी यांच्यामध्ये. तालुक्याच्या डॉक्टरनं जिल्ह्याला पाठवलं, रुग्ण गेला नाही. पाठवणाऱ्याला ते कळत नाही, कारण त्याच्या लेखी रुग्ण गेलाय. जिल्ह्याच्या डॉक्टरलाही कळत नाही, कारण असा कोणी येणार होता हेच त्याला माहीत नाही. नैराश्याचा स्वभावही या गळतीला मदत करतो. दात दुखणारा माणूस रात्रभर तळमळून सकाळी दवाखान्याचं दार वाजवतो. नैराश्यानं ग्रासलेला माणूस उठावंसं न वाटल्यामुळे घरीच पडून राहतो. रुग्णानं आपणहून यावं या गृहीतावर उभी असलेली व्यवस्था या एका आजारापुढे मुळातच लंगडी पडते.

ही गोष्ट अमेरिकेतल्या सिएटल शहरात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ओळखली. वेन केटन आणि त्यांचे सहकारी युर्गन उन्युत्झर यांनी तिथे सहयोगी उपचारांची पद्धत घडवली. तिची मांडणी अगदी साधी आहे. रुग्ण आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडेच राहतो. दवाखान्यात एक नर्स किंवा समुपदेशक असतो, त्याच्याकडे यादी असते. यादीतल्या प्रत्येकाला तो ठरावीक दिवसांनी भेटतो किंवा फोन करतो आणि नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली विचारून गुण मांडतो. मानसोपचारतज्ज्ञ रुग्णांना एकेक करून तपासत बसत नाही. आठवड्यातून एकदा तो नर्सबरोबर यादी चाळतो आणि ज्यांचे गुण खाली येत नाहीत त्यांचे उपचार बदलायला सांगतो. एका तज्ज्ञाचा तास अशा रीतीनं कितीतरी जास्त माणसांना पुरतो. २००२मध्ये या पद्धतीची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, ‘इम्पॅक्ट’ नावाची. अमेरिकेच्या ५ राज्यांतले १८ दवाखाने, साठीच्या पुढचे १,८०१ रुग्ण. वर्षाअखेर सहयोगी उपचारांतल्या ४५ टक्के रुग्णांची लक्षणं निम्म्यावर किंवा त्याहून खाली आली. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण १९ टक्के होतं. आणि नेहमीच्या उपचारांतल्या लोकांना औषधं मिळत नव्हती, असं नाही. ती दुकानात होती, डॉक्टरही होते. घेतली का, लागू पडली का, हे विचारणारं तेवढं कोणी नव्हतं.

‘अमेरिकेचं ठीक आहे हो’ या शेऱ्याला उत्तर देण्यासाठी फार लांब जावं लागत नाही, पत्रादेवीचा नाका ओलांडला की पुरे. संगात ही गोव्यातली संस्था १९९६पासून काम करते आहे. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली तिनं ‘मानस’ ही चाचणी केली, ती २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. गोव्यातले २४ दवाखाने, निम्मे सरकारी, निम्मे खासगी. एकंदर २,७९६ रुग्ण. इथे वही सांभाळायला नर्सही नव्हती. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना सुमारे दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून बसवलं होतं; मदतीला केंद्राचा डॉक्टर आणि अधूनमधून येणारा मानसोपचारतज्ज्ञ. एक शहाणपण त्यांनी पहिल्याच पावलाला दाखवलं. ‘मानसिक आजार’ हा शब्द बाजूला ठेवून लोकांचाच शब्द उचलला: टेन्शन. मराठी-कोकणीत या शब्दानं मूळ इंग्रजी अर्थ केव्हाच सोडला आहे. कर्ज, सासू, छातीतली धडधड आणि न येणारी झोप, सगळं त्यात मावतं, आणि वेडाचा डाग त्याला चिकटलेला नाही. सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते. जिथे समुपदेशक नव्हत्या तिथे ४२.५ टक्के.

खासगी दवाखान्यांत मात्र काहीच फरक पडला नाही: एका बाजूला ६४.१ टक्के, दुसऱ्या बाजूला ६५.९. पद्धतीचे टीकाकार या आकड्यावर बोट ठेवतात आणि समर्थक तो घाईघाईनं ओलांडतात. मला तो साऱ्या चाचणीतला सर्वांत बोलका आकडा वाटतो. नीट पाहा, समुपदेशकाविना खासगी दवाखान्यात जेवढे बरे झाले, तेवढेच सरकारी दवाखान्यात समुपदेशकासह झाले. खासगी डॉक्टर पटीनं हुशार असतात, हे काही त्याचं कारण असू शकत नाही. तिथे रुग्णाला दर वेळी तोच डॉक्टर भेटतो, तो घरातल्यांना नावानं ओळखतो, मुलीच्या लग्नाचं काय झालं तेही विचारतो. आपल्या जुन्या फॅमिली डॉक्टरच्या डोक्यातच ही वही होती. सरकारी केंद्रात डॉक्टर बदलतो, केसपेपर हरवतो, रुग्ण दर वेळी नव्यानं अनोळखी होतो. समुपदेशकानं ही उणीव भरून काढली, असं मी या आकड्यांवरून समजतो. तसं असेल तर समुपदेशक हा चैनीचा जादा माणूस ठरत नाही. खासगीत जी ओळख फुकट मिळते, ती सरकारी रांगेतल्या माणसाला मिळावी म्हणून करायचा तो खर्च आहे.

या समुपदेशक करतात तरी काय, हे जवळून पाहण्यासारखं आहे. संगातचाच ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ घ्या. आठवड्यातून एकदा, रुग्णाच्या घरी किंवा केंद्रात, तीस-चाळीस मिनिटांची बैठक. अशा सहा ते आठ. पहिल्यांदा ते नऊ प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती दिवस झालं, झोप, भूक, थकवा, आणि अगदी शेवटी, मरून जावंसं वाटलं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. त्यानंतर बालपणाच्या खोल आठवणी उकरत बसायचं नाही. काल सकाळी उठल्यापासून काय केलं, हे लिहायचं. पूर्वी मासळीबाजारात जायचात ना, ते कधी सुटलं? शेजारणीकडे बसायला जाणं कधी बंद झालं? खचलेला माणूस म्हणतो, ‘मन लागलं की जाईन.’ समुपदेशक हे वाक्य उलटं करते: आधी जाऊन या, मन मागून येईल. मग दोघं मिळून या आठवड्यासाठी एक लहानसं काम ठरवतात, तुळशीला पाणी घालण्याइतकं लहान, आणि पुढच्या बैठकीत ते झालं का, झालं नाही तर कशामुळे, एवढं पाहतात. रुग्ण आला नाही तर ती त्याच्याकडे जाते किंवा फोनवर बोलते. गोव्यातल्या १० प्राथमिक केंद्रांत, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर याची चाचणी झाली, निष्कर्ष २०१७मध्ये आले: तीन महिन्यांनी ६४ टक्के जणांचं नैराश्य ओसरलं होतं, दुसऱ्या गटात ३९ टक्के जणांचं. त्या दुसऱ्या गटातल्या डॉक्टरांना ‘तुमच्या या रुग्णाला नैराश्य आहे’ असं कळवलेलं होतं आणि उपचारांची मार्गदर्शक पुस्तिकाही दिलेली होती. निदान माहीत असणं आणि उपचार पार पडणं यांच्यातलं अंतर हे असं पंचवीस टक्क्यांचं आहे. हानिकारक मद्यपानावरच्या जोडचाचणीत फरक लहान निघाला, ३६ विरुद्ध २६ टक्के. तेही सांगायला हवं. वही ठेवली की सगळंच सुटतं, असा माझा दावा नाही.

आता आक्षेप. पहिला तज्ज्ञांचा: अर्ध्या कच्च्या हातांत मन कसं सोपवायचं? प्रश्न गैर नाही. भास होणारा, स्वतःच्या जिवावर उठलेला, औषधांशिवाय न सावरणारा रुग्ण तज्ज्ञाकडेच गेला पाहिजे, आणि तो ओळखून वेळेत पाठवणं हे समुपदेशकाच्या कामातच येतं. पण पर्याय काय आहे, तेही पाहू. या रुग्णाला तज्ज्ञ मिळत होता आणि आपण तो काढून घेतला, असं झालेलं नाही. त्याला मिळत होतं बी-कॉम्प्लेक्स. शिवाय वर जे आकडे दिले ते देखरेखीखाली काम करणाऱ्यांचे आहेत. संगातच्या समुपदेशक आपल्या बैठकांचं ध्वनिमुद्रण एकत्र ऐकून एकमेकींच्या कामाला गुण देत. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हातात देऊन माणसाला वाऱ्यावर सोडलं, तर हे निकाल येणार नाहीत. तज्ज्ञांनी भांडायचंच असेल तर या देखरेखीच्या तासासाठी भांडावं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि विदर्भात तो पहिल्या वाक्यातच येतो: माणूस कर्जानं खचलाय, त्याला समुपदेशन काय करायचं? दुःखाला आजाराचं नाव देऊन सरकार हात झटकतं, ही शंका निराधार नाही. सावकार गोळीनं जात नाही आणि कापसाचा भाव समुपदेशनानं वाढत नाही. पण नैराश्याचा घाव नेमका कुठे बसतो, ते पाहा. बँकेत जाणं, कागद गोळा करणं, भावाशी बोलणं, उद्याचा विचार करणं, याच गोष्टी ते हिरावून घेतं. कर्जबाजारी माणसाला ज्या ताकदीची सर्वांत जास्त गरज, तीच संपलेली असते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातलेच कार्यकर्ते, समुपदेशक आणि भेट देणारा तज्ज्ञ अशी साखळी उभारली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार मागणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. कापूस तोच होता, कर्जही होतं. तरी लोकांनी ही मदत मागितली. त्यांना ती नको आहे, असं शहरात बसून आपण ठरवू नये. भावाचा लढा वेगळा आहे आणि तो लढायलाच हवा.

तिसरा आक्षेप प्रशासनाचा: एवढा पाठपुरावा आपल्या यंत्रणेला झेपायचा नाही. हा आक्षेप तर आपल्याच यंत्रणेनं खोडून ठेवलेला आहे. क्षयरोगाचा कार्यक्रम चालतो कशावर? प्रत्येक रुग्णाच्या नावावर, त्याच्या प्रत्येक डोसावर, आणि डोस चुकला की दाराशी येणाऱ्या माणसावर. लसीकरण आणि गरोदर मातांची नोंद याच पद्धतीनं होते. एचआयव्हीसाठी ग्रामीण रुग्णालयांत समुपदेशकाची खोली आणि पद कधीच आलं. न आलेल्यांची वही भारतीय आरोग्यसेवेला नवी नाही. फक्त मनाच्या आजारासाठी ती उघडलेली नाही. आणि ती आणखी एका वेगळ्या खोलीत उघडायचीही गरज नाही. दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू आणि विशाखापट्टणम इथल्या चार केंद्रांत मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांची एकच वही ठेवून पाहिली गेली; साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि मनाचे गुण एका पानावर. २०२०मध्ये निकाल आला. नैराश्य निम्म्यावर आणि त्याबरोबर शरीराच्या निदान एका मोजमापात ठरलेली सुधारणा, हे दोन्ही ७१.६ टक्के जणांनी गाठलं; नेहमीच्या उपचारांत ५७.४ टक्क्यांनी. मधुमेहाच्या यादीत एक रकाना वाढवायचा आहे, इतकंच. हा रकाना आशाताईंच्या डोक्यावर फुकट लादला, तर मात्र तो इतर रकान्यांसारखा घरी बसून भरला जाईल, आणि त्यात दोष आशाताईंचा नसेल. पद वेगळं हवं, पगारी हवं.

‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येतं, आणि या लेखातलं काही आपल्या घरातलं वाटलं असेल तर तो जरूर फिरवावा. पण तो फिरवायला हात उचलावा लागतो. ज्याचा हात उचलत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या बाजूनं फोन यायला हवा. म्हणून मनाच्या आणि शरीराच्या उपचारांवर यापुढे जी विभागीय परिषद भरेल, तिच्या आयोजकांना एक विनंती. व्यासपीठावर मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिशियन शेजारी बसले म्हणजे एकत्रीकरण झालं असं मानू नका. जिल्ह्यातल्या एखाद्या प्राथमिक केंद्राची नर्स बोलवा, रजिस्टर घेऊन. मधुमेहाच्या यादीतले गेल्या महिन्यात न आलेले किती आणि का, एवढंच तिला विचारा, आणि सकाळचं पहिलं सत्र त्यावर घालवा. त्या दिवशीची तिची ड्युटी कोण करणार तेही आधीच ठरवून ठेवा, नाहीतर ती येऊ शकणार नाही.